कुठून बोलताय? : बुलढाणा जिल्हा, रुग्णवाहिका आणि ठिकाणाचा प्रश्न



आजचा विषय पत्रिकेत जरा जड शब्दांत छापला गेलाय. 'स्थानाधारित मोबाइल प्रणाली आणि आपत्कालीन आरोग्यसेवा'. आम्हाला मात्र त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. १०८ क्रमांक लावला की पलीकडचा माणूस दोन गोष्टी विचारतो. काय झालंय? आणि कुठून बोलताय? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आज पाहू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नावामागे डॉक्टर लागतं, पण औषध देता येत नाही, आणि संगणकाचं शिक्षण तर नाहीच. तरीही हा विषय घेतला, कारण 'कुठे' हा मुळात तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलच्या दहा पदार्थांमध्ये 'कुठे' हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. आपल्या वैशेषिकांनी नऊ द्रव्यं मानली, त्यांत काल आणि दिक् ही दोन वेगवेगळी द्रव्यं आहेत. वर्गात आम्ही ही यादी वर्षानुवर्षं पाठ म्हणून शिकवली. काल आणि दिक् माणसाच्या जिवाशी येऊन कसे भिडतात, ते वर्गात कळलं नाही. ते घरच्या दोन प्रसंगांतून कळलं.

पहिला प्रसंग साठच्या दशकातला, मेहकर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातला. पावसाळ्याचे दिवस. आमची धाकटी काकू अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा रात्री बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा, वर गोधडी, पुढे कंदील घेऊन दोन माणसं. मेहकरला दवाखाना होता, डॉक्टर होते. वाटेत नाला भरून वाहत होता. गाडी काठावर थांबली ती उजाडेपर्यंत. बाळ वाचलं, काकू वाचली नाही.

आता या प्रसंगाकडे आजच्या विषयाच्या अंगानं बघा. 'कुठे' हा प्रश्न त्या रात्री कोणालाच पडला नव्हता. रोगी कुठं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दवाखाना कुठं आहे हेही गाडीवानाला झोपेत सांगता आलं असतं. आड आला तो नाला, म्हणजे अंतर. त्या काळी रोगी उपचाराकडे जायचा, आणि नेणारे गावचेच असायचे. खाटेवर न्या, झोळीत न्या, गाडीतून न्या, वाट माहीत असलेला माणूसच वाहक असायचा.

ठिकाण हा प्रश्न केव्हा निर्माण झाला? मदत उलट्या दिशेनं निघाली तेव्हा. उपचार रोग्याकडे यायला लागले, आणि ज्याला ते पाठवायचे तो माणूस दूर कुठेतरी बसलेला परका झाला, तेव्हा. हा आजच्या व्याख्यानाचा पहिला मुद्दा आहे. तो धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जगात याची सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली, पाच स्त्रिया दगावल्या. समोरच्या एका गृहस्थानं अग्निशमन दलासाठी फोन लावला, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन बाकीच्या फोनांबरोबर रांगेत अडकून राहिला. त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वर पहिला फोन झाला तो १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल नावाच्या लहान गावातून.

तेव्हाचा फोन तारेचा होता. तार भिंतीतून यायची, आणि भिंतीला पत्ता असायचा. फोन कोणत्या घरातून आला हे एक्स्चेंजला शोधून काढता यायचं. मोबाइल आला आणि ही सोय गेली. भारतात मोबाइलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. फोन खिशात आला, माणूस मोकळा झाला, पण त्याचा पत्ता हरवला. म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं १९९६ मध्ये नियम केला, की आपत्कालीन फोन करणाऱ्या मोबाइलचं ठिकाण कंपन्यांनी कळवलं पाहिजे. स्थानाधारित प्रणाली म्हणतात ती या गरजेतून वाढली.

मोबाइलचं ठिकाण कळतं तरी कसं? दोन मुख्य वाटा आहेत. एक टॉवरची. तुमचा फोन ज्या टॉवरशी जोडलेला असतो, त्यावरून अंदाज बांधायचा. शहरात टॉवर दाट असतात, तेव्हा काहीशे मीटरपर्यंत अंदाज येतो. खेड्यात एक टॉवर कित्येक किलोमीटरचा मुलूख सांभाळतो. तेवढ्यात चार गावं आणि मधली सगळी वावरं येतात. दुसरी वाट उपग्रहाची, म्हणजे जीपीएसची. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन स्वतःचं ठिकाण काढतो. ही सोय मूळ अमेरिकी सैन्याची. सामान्य माणसाला मिळणारा संकेत ते मुद्दाम बिघडवून देत असत. मे २००० मध्ये ते बिघडवणं बंद झालं, आणि मग नेमकेपणा काही मीटरवर आला. आपल्याकडे सरकारनं २०१६ मध्ये नियम केला, की १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये उपग्रहावरून ठिकाण काढण्याची सोय हवी.

अक्षांश-रेखांशांची गोष्ट निघाली आहे तर एक विदर्भाची आठवण. या देशाची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केली. वीस वर्षं साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ती मोजणी राज्यकर्त्यांसाठी होती. इंग्रजांनी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून आपल्या कारभाराखाली घेतलं, तेव्हा त्यांना सारा, कापूस आणि रेल्वे यांसाठी नकाशा हवा होता. नकाशात गाव आलं ते साऱ्यासाठी. त्या गावातल्या रोग्यासाठी तोच नकाशा वापरायला पुढे दीडशे वर्षं लागली.

ती दीडशे वर्षं आता ओलांडू. ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादला १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, आणि एकेक राज्य ती उचलत गेलं. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये आली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल अशी योजना, प्रत्येक गाडीवर जीपीएस, आणि साऱ्या राज्याचे फोन घेणारं केंद्र पुण्यात. फोन आला की ठिकाण विचारायचं, पडद्यावर जवळची मोकळी गाडी शोधायची, तिला पाठवायचं.

म्हणजे बघा, गाडी कुठं आहे हे यंत्राला पक्कं ठाऊक झालं. रोगी कुठं आहे हे मात्र पुण्यात बसलेल्या माणसानं बुलढाण्यात घाबरलेल्या माणसाला विचारायचं. आता आमचा दुसरा प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही बुलढाण्यात घरी होतो. सकाळी पुतण्याचा फोन आला, "आबा, दादांचं तोंड वाकडं झालंय, बोलता येईना. इकडं कोणाला काही सुचंना, तुम्हीच गाडीचं बघा." आम्ही रुग्णवाहिकेला फोन लावला. गाव कोणतं? देऊळगाव. तालुका? घाईत तोंडातून निघालं, बुलढाणा. आम्ही बुलढाण्यात होतो ना! गाडी निघाली देऊळघाटकडे, ते बुलढाणा तालुक्यात येतं. आमचे बंधू होते देऊळगाव माळीला, मेहकर तालुक्यात. पलीकडच्या मुलीनं परत फोन करून खात्री केली तेव्हा उलगडा झाला, दुसरी गाडी निघाली. पण वेळ गेला तो गेलाच. पक्षाघातात मिनिटं मोजायची असतात. दादांचा उजवा हात शेवटपर्यंत हलला नाही. चूक पूर्णपणे आमची होती. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची!

त्यानंतर आम्ही जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसलो. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळघाट, देऊळगाव माळी, देऊळगाव साकर्शा. पिंपळगावं पाहा. खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा, बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराई, मोताळ्यात पिंपळगाव देवी, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे. जळगाव म्हटलं की बाहेरच्याला खानदेशातलं जळगाव आठवतं, मलकापूर म्हटलं की कोल्हापूरकडच्याला त्यांचं मलकापूर. सिंदखेड राजा आपलं, आणि धुळ्याकडे शिंदखेडा. गावातला माणूस गावाचं अर्धं नाव बोलतो, कारण उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. परका ऐकणारा आला की नेमकं ते उरलेलं अर्धं जिवाचं मोल घेतं.

कोणी म्हणेल, यासाठीच तर स्थानाधारित मोबाइल प्रणाली हवी. फोननं स्वतःच ठिकाण पाठवावं, बोलायलाच नको. मान्य आहे. जगात तसं झालं आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून आपत्कालीन क्रमांक लावला की फोन आपोआप जीपीएस चालू करतो आणि ठिकाणाचा संदेश केंद्राला पाठवतो. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना ही सोय सक्तीची आहे. ती आपल्या प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक केंद्रात यायलाच हवी. पण आमच्या प्रसंगात तिनं काय केलं असतं? तिनं आमचं घर दाखवलं असतं, बुलढाण्यातलं. फोन करणारा आणि रोगी एकाच जागी असतात, हे गृहीतच तिथं चुकीचं होतं. आणि आपल्याकडे हे सर्रास घडतं. मुलगा पुण्याला, आई लोणारजवळच्या खेड्यात. आई मुलाला फोन करते, मुलगा गाडी मागवतो. ठिकाण आईचं हवं, फोन मुलाचा.

दुसरं उदाहरण समृद्धी महामार्गाचं. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो आपल्या मेहकर, सिंदखेड राजा या भागातून जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले, आठ वाचले. त्या रात्रीनंतर आम्ही या विषयाकडे फार नम्रपणे बघतो. पेटलेल्या बसमध्ये हातात मिनिटं किती असतात? अशा वेळी ठिकाण अचूक कळलं तरी मदतीला यायला लागणारा वेळ शिल्लक राहतोच. तिथं खिडकी फोडता येणं, दार उघडणं, चालकाला झोप मिळालेली असणं, हे सगळं नकाशाच्या आधी येतं. प्रणाली बांधणाऱ्यानं ही मर्यादा स्वतःला स्पष्ट सांगितली पाहिजे.

तरीही महामार्गावर ठिकाणाची यंत्रणा खूप काही करू शकते. रात्री अनोळखी रस्त्यावर जखमी माणसाला आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत हेही ठाऊक नसतं. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना अपघाताच्या धक्क्यानं स्वतःहून फोन करून ठिकाण कळवणारं यंत्र सक्तीचं आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवायचा नियम आहे. आणि सगळ्यांत जुनी, सगळ्यांत स्वस्त स्थानप्रणाली कोणती? रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड. त्याला बॅटरी लागत नाही. गाडीत बसलात की अधूनमधून त्यावरचा आकडा बघत जा.

आता जिल्ह्याच्या उत्तर टोकाला चला. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या वर सातपुडा उभा आहे. भिंगारा, गोमाल अशी आदिवासी गावं त्या डोंगरात आहेत. डोंगराच्या खळग्यात टॉवरचा संकेत पोचत नाही. माणूस टेकाडावर चढून फोन लावतो. म्हणजे फोनचं ठिकाण टेकाड, रोग्याचं ठिकाण खाली पाड्यावर. पलीकडे मध्य प्रदेशाची सीमा आहे. फोनला राज्याची सीमा कळत नाही, ज्या टॉवरचा संकेत जोरात त्याला तो चिकटतो, मग फोन दुसऱ्याच राज्याच्या केंद्रात लागू शकतो. आणि गाडीला जायला रस्ताच नसेल तर नकाशावरचा ठिपका कितीही अचूक असो, शेवटचा टप्पा झोळीचाच. आमच्या काकूचा नाला तिथं अजून वाहतो आहे.

अशा गावात खरी स्थानप्रणाली कोणती? आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कितवा महिना आहे, कोणता माणूस हृदयरोगाचा, कोणती पांदण पावसात बंद होते, हे तिला पाठ असतं. उपग्रहाला हे दिसत नाही. नवी प्रणाली बांधणाऱ्यांनी तिच्या हातात आणखी एक ॲप देऊन माहिती भरायचं काम वाढवण्यापेक्षा, तिला ठाऊक आहे ते प्रणालीला शिकवावं, आणि त्या कामाचा मोबदला तिला द्यावा.

मग बांधायचं काय? तीन-चार गोष्टी सांगतो.

एक, ठिकाण रोग्याचं हवं. पहिला प्रश्न असा असावा, की रोगी तुमच्याजवळ आहे का? नसेल तर रोग्याजवळच्या फोनवर साधा संदेश जावा आणि तिथून ठिकाण यावं. साधा संदेश म्हणतो, कारण इंटरनेट नसतं तिथंही तो जायची शक्यता असते.

दोन, गावाची नावं गावाकडून घ्यावीत. वस्त्या, पाडे, मळे, पांदणी, मारुतीचा पार, सैलानीच्या यात्रेतले तळ. ग्रामपंचायतीनं बसून ही यादी करावी, प्रत्येक नावाला अक्षांश-रेखांश जोडावेत. मग "धुऱ्यावरून खाली, मोठ्या चिंचेपाशी" एवढं म्हटलं तरी पुण्यातल्या पडद्यावर ठिपका उमटेल.

तीन, जवळचा दवाखाना म्हणजे योग्य दवाखाना नव्हे. साप चावलेल्याला जिथं प्रतिविष आहे तिथं न्यायचं, अडलेल्या बाईला जिथं शस्त्रक्रिया आणि रक्त आहे तिथं. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी गंभीर रोग्याला अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागे. प्रणालीला अंतराबरोबर हेही कळायला हवं, की त्या घटकेला कुठं काय उपलब्ध आहे.

चार, ठिकाण ही जिवाची माहिती आहे, तशी ती जोखमीचीही आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वैद्यकीय आणीबाणीसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. मुभा आणीबाणीपुरती. रोगी बरा झाला की त्याच्यावरची नजर उठली पाहिजे.

शेवटचं एक सांगून थांबतो. चरकसंहितेत वैद्यानं काय काय तपासावं याची चर्चा आहे, त्यात 'देश' हा शब्द येतो. चरक देशाचे दोन अर्थ सांगतो. एक भूमी, आणि दुसरा खुद्द रोगी. आम्ही हे वाचलं तेव्हा त्यातलं मर्म कळलं नव्हतं. लॅम्बटनच्या मोजणीनं पहिला अर्थ दिला, उपग्रहानं तो मीटरपर्यंत आणला. दुसरा अर्थ, म्हणजे हा माणूस कोण, त्याला काय होतंय, त्याच्यापर्यंत वाट कशी आहे, हे अजून माणसांनीच माणसांना सांगायचं आहे.

तर आज घरी गेल्यावर एक काम करा. आपलं ठिकाण एका कागदावर लिहा. गावाचं पूर्ण नाव, तालुका, जिल्हा, मुख्य रस्त्यापासून वाट, ओळखीची खूण. घरातल्या लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला तो वाचायला लावा. जिल्ह्यात कधीच न आलेल्या माणसाला तो कळेल का, हे एकमेकांना विचारा. कागद फोनजवळ चिकटवून ठेवा, आणि दूर राहणाऱ्या मुलाबाळांना त्याचा फोटो पाठवा. आमच्या घरी असा कागद आता आहे. दादांच्या वेळी असता, तर त्या सकाळी आम्ही 'देऊळगाव' म्हणून थांबलो नसतो.